संगणकातील हरळी आणि खोडवा

बारामती तालुक्यातील पिंपळी हे गाव उसाच्या पट्ट्यात येते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ऊस उभा राहतो. या भागातील शेतकऱ्याच्या मुलाला हरळी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. खुरप्याने वरचे गवत कापले की चार दिवस रान स्वच्छ दिसते. पण जमिनीखाली हरळीच्या काशा, म्हणजे तिची आडवी वाढणारी खोडे, शाबूत असतात. त्यांच्या पेऱ्यापेऱ्यावर डोळे असतात. पाणी मिळताच त्यांतून नवे कोंब फुटतात. म्हणून जाणता शेतकरी रान नांगरून काशा वेचतो आणि उन्हात वाळवतो.

त्याच रानात आणखी एक गोष्ट दिसते. ऊस तुटून कारखान्याला जातो, पण त्याची बुडखी जमिनीतच राहतात. ती मात्र कोणी उपटत नाही, कारण त्यांना फुटवे येऊन दुसरे पीक मिळते. त्यालाच आपण खोडवा म्हणतो. हरळी आणि खोडवा ही दोन्ही जमिनीत मागे उरलेल्या भागांतूनच उगवतात. एक नको असते, दुसरे हवे असते. दोन्हींतील फरक ओळखणे हे खरे शेतकऱ्याचे ज्ञान.

शाळेतील किंवा घरातील संगणकावरून नको असलेला प्रोग्रॅम काढून टाकतानाही नेमके हेच ज्ञान लागते. ते कसे, ते या लेखात पाहू या.

चिन्ह म्हणजे प्रोग्रॅम नव्हे

शाळेचा संगणक मंद चालू लागला की एखादा उत्साही विद्यार्थी पुढे होतो, पडद्यावरची नको असलेली चिन्हे निवडतो आणि पुसून टाकतो. पडदा स्वच्छ होतो. संगणक मात्र पूर्वीइतकाच मंद राहतो.

त्याचे असे आहे. पडद्यावरचे चिन्ह ही बहुधा एक अगदी लहान फाइल असते. प्रोग्रॅम कोठे ठेवला आहे, एवढाच पत्ता तिच्यात लिहिलेला असतो. दारावरची नावाची पाटी काढली म्हणून घरातला माणूस निघून जात नाही. तसेच चिन्ह पुसल्याने प्रोग्रॅम जात नाही. हे झाले वरचे गवत कापणे.

काशा कोठे कोठे पसरतात?

विंडोज या प्रणालीवर एखादा प्रोग्रॅम बसवला की तो साधारणपणे पुढील ठिकाणी पसरतो.

पहिले ठिकाण म्हणजे ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हे फोल्डर. प्रोग्रॅमचा मुख्य भाग येथे असतो.

दुसरे ठिकाण ‘प्रोग्रॅमडेटा’. संगणक वापरणाऱ्या सर्वांना लागणारी त्या प्रोग्रॅमची सामग्री येथे राहते. हे फोल्डर एरवी दिसत नाही, ते लपवलेले असते.

तिसरे ठिकाण ‘अ‍ॅपडेटा’. हेही लपवलेलेच असते आणि प्रत्येक वापरकर्त्याचे वेगळे असते. तुम्ही निवडलेले रंग, अक्षरांचा आकार, अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी आणि तात्पुरत्या फाइली येथे साठतात.

चौथे ठिकाण रजिस्ट्री. ही संगणकाची मोठी नोंदवही आहे. कोणता प्रोग्रॅम कोठे आहे, कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची, अशा असंख्य नोंदी तिच्यात असतात.

पाचवे ठिकाण म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या याद्या. संगणक सुरू होताच काही प्रोग्रॅम गुपचूप कामाला लागतात, काही ठरावीक वेळी जागे होतात. त्यांच्या नोंदी या याद्यांत असतात.

यांपैकी संगणक मंद करणारे भाग बहुधा पाचव्या ठिकाणी सापडतात. जागा अडवणारे पहिल्या तीन ठिकाणी असतात. रजिस्ट्रीतील उरलेली नोंद मात्र सहसा फारच लहान असते. अशा नोंदी काढल्याने संगणक वेगवान होतो, हा समज बरोबर नाही.

हे सारे एवढे गुंतागुंतीचे का झाले?

पूर्वी असे नव्हते. १९८१ साली आलेल्या डॉस या प्रणालीत बहुतेक प्रोग्रॅम आपापल्या एकाच कप्प्यात राहत. तो कप्पा पुसला की काम संपले. पुढे विंडोजचे दिवस आले. अनेक प्रोग्रॅमना लागणारे समान भाग प्रत्येकाने वेगळे ठेवण्यापेक्षा एकाच जागी ठेवावेत, अशी पद्धत पडली. त्यामुळे जागा वाचली, पण कोणती फाइल कोणाची हे कळेनासे झाले. विंडोज ३.१ च्या काळात, म्हणजे १९९२ च्या सुमारास, प्रोग्रॅम काढून टाकण्याची सर्वांना लागू पडेल अशी सोय नव्हती. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले. त्यात प्रोग्रॅम घालण्याची व काढण्याची एक स्वतंत्र खिडकी देण्यात आली. प्रोग्रॅम बसवताना त्याने आपल्याला काढण्याची रीतही नोंदवून ठेवायची, असा हा संकेत होता. आजही हाच संकेत चालू आहे.

समान फाइलींचा प्रश्न मोजणीने सोडवला जातो. दोन भावांची विहीर सामाईक असते. एकाने आपली जमीन विकली म्हणून कोणी विहीर बुजवत नाही, कारण दुसऱ्याचे पाणी तिच्यावर आहे. त्याचप्रमाणे एखादी सामाईक फाइल किती प्रोग्रॅम वापरतात, याचा आकडा संगणक ठेवतो. एक प्रोग्रॅम गेला की आकडा एकाने कमी होतो. तो शून्यावर आला तरच ती फाइल काढायची. हा आकडा चुकला तर फाइल निष्कारण मागे राहते, किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमला हवी असताना निघून जाते.

लिनक्सच्या जगात ही नोंद अधिक काटेकोर असते. सी-डॅक या भारतीय संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारलेली आहे. डेबियनमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमने कोणत्या फाइली आणल्या याची यादी प्रणालीच ठेवते. तेथे काढण्याच्या दोन आज्ञा आहेत. ‘रिमूव्ह’ म्हटले की प्रोग्रॅम जातो, पण त्याची संगणकभर लागू असलेली मांडणी राहते. ‘पर्ज’ म्हटले की तीही जाते. मात्र वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरातील फाइलींना या दोन्ही आज्ञा हात लावत नाहीत. म्हणजे खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे तेथे माणसालाच विचारलेले आहे!

मागे काही का उरते?

योग्य रीतीने काढूनही प्रोग्रॅमचे अवशेष का राहतात? याची मुख्य कारणे चार आहेत.

एक, काढण्याची यादी प्रोग्रॅम बसवताना तयार होते. त्यानंतर रोजच्या वापरात जन्मलेल्या फाइली त्या यादीत नसतात.

दोन, प्रोग्रॅमचा एखादा भाग त्याच वेळी चालू असतो. चालू फाइल विंडोज सहसा पुसू देत नाही. ती पुढच्या सुरुवातीपर्यंत राखून ठेवली जाते.

तीन, सामाईक फाइल. तिचा विचार वर केलाच आहे.

चार, प्रोग्रॅम करणाऱ्यांनी काही गोष्टी मुद्दाम ठेवलेल्या असतात. उद्या तुम्ही तोच प्रोग्रॅम पुन्हा बसवलात, तर तुमची मांडणी तुम्हाला परत मिळावी हा त्यांचा हेतू असतो. हा झाला खोडवा. पण तुम्हाला तो प्रोग्रॅम पुन्हा नकोच असेल, तर तोच खोडवा तुमच्या दृष्टीने हरळी ठरतो. शाळेच्या संगणकावर तर याला विशेष महत्त्व आहे. अनेक मुले एकच यंत्र वापरतात. आधीच्या मुलाने काय उघडले होते याची यादी पुढच्याला दिसू नये.

काढण्याचा क्रम

आता प्रत्यक्ष कृती पाहू. शाळेचा संगणक असेल तर शिक्षकांची परवानगी घेतल्याशिवाय काहीही करू नये.

१. प्रथम आपल्या कामाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा. पेन ड्राइव्ह चालेल. ‘सिस्टिम रिस्टोअर’ची सोय चालू असेल तर परतीचा टप्पाही नोंदवून ठेवा. मात्र हा टप्पा म्हणजे तुमच्या फाइलींची प्रत नव्हे.

२. काढायचा प्रोग्रॅम बंद करा. घड्याळाजवळच्या कोपऱ्यात त्याचे चिन्ह असेल तर तेथूनही तो बंद करा.

३. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अ‍ॅप्स’ उघडून यादीतून तो प्रोग्रॅम निवडा आणि ‘अनइन्स्टॉल’ करा. या वेळी पडद्यावर येणारे प्रश्न वाचा. तुमची मांडणीही पुसायची का, असा प्रश्न काही प्रोग्रॅम विचारतात. न वाचता पुढे जाण्याची सवय येथे नडते.

४. संगणक ‘रीस्टार्ट’ करा. राखून ठेवलेली कामे यामुळे पुरी होतात.

५. आता काशा वेचू. फाइलींच्या खिडकीत लपवलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय चालू करा. ‘प्रोग्रॅम फाइल्स’, ‘प्रोग्रॅमडेटा’ आणि ‘अ‍ॅपडेटा’ या तीन ठिकाणी त्या प्रोग्रॅमच्या किंवा तो करणाऱ्या कंपनीच्या नावाचे फोल्डर आहे का ते पाहा. त्याच कंपनीचा दुसरा प्रोग्रॅम संगणकावर असेल, तर कंपनीच्या नावाच्या फोल्डरला हात लावू नका.

६. सापडलेले फोल्डर लगेच पुसू नका. त्याच्या नावाआधी ‘जुने’ असा शब्द जोडा आणि आठ दिवस थांबा. सारे सुरळीत चालले तर मग पुसा. काही अडले तर नाव पूर्ववत करा. आठ दिवसांचा हा धीर फार मोलाचा आहे.

७. ‘टास्क मॅनेजर’मधील ‘स्टार्टअप’ची यादी पाहा. गेलेल्या प्रोग्रॅमचे नाव तेथे असेल तर ते बंद करा. शेवटी ‘रिसायकल बिन’ रिकामी करा. तोवर जागा मोकळी होत नाही.

व्हायरसविरोधी प्रोग्रॅमची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो प्रणालीच्या गाभ्यापर्यंत रुजलेला असतो. म्हणून तो करणाऱ्या बऱ्याच कंपन्या त्याला समूळ काढणारे खास साधनही देतात. वरील रीतीने तो निघाला नाही, तर त्याच कंपनीचे साधन वापरावे.

कोठे खुरपे घालू नये?

‘विंडोज’ नावाच्या फोल्डरात स्वतः काहीही पुसू नये. त्यात ‘इन्स्टॉलर’ नावाचे एक लपवलेले फोल्डर असते. ते पुष्कळदा मोठे होते आणि अडगळीसारखे दिसते. प्रत्यक्षात अनेक प्रोग्रॅम दुरुस्त करण्यासाठी आणि काढण्यासाठी लागणाऱ्या फाइली त्यातच असतात. अडगळ समजून ते पुसणारा मनुष्य पुढे प्रोग्रॅम काढण्याचा मार्गच बंद करून बसतो.

‘एका क्षणात रजिस्ट्री स्वच्छ करतो’ अशी जाहिरात करणाऱ्या प्रोग्रॅमपासूनही दूर राहावे. विंडोज तयार करणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी स्वतःच अशा साधनांच्या वापराला पाठिंबा देत नाही. फायदा नगण्य, आणि चुकीची नोंद गेली तर सारा संगणकच अडून बसण्याचा धोका!

या धोक्याचे एक गाजलेले उदाहरण २००५ सालचे आहे. सोनी बीएमजी या कंपनीने गाण्यांच्या काही तबकड्यांची नक्कल होऊ नये म्हणून त्यांत एक्ससीपी नावाचा प्रोग्रॅम घातला होता. तबकडी संगणकात ऐकायला घेतली की तो संगणकात शिरून स्वतःला लपवून ठेवी. त्याला काढण्याची सोयही त्यात नव्हती. मार्क रुसिनोव्हिच या अमेरिकी तज्ज्ञाला तो स्वतःच्या संगणकात सापडला. त्याने ऑक्टोबर २००५ च्या अखेरीस ही हकिकत प्रसिद्ध केली. त्याने त्या फाइली हाताने काढल्या, तेव्हा संगणकाला तबकडीचा खणच दिसेनासा झाला! कारण तो प्रोग्रॅम खणाकडे जाणाऱ्या वाटेवर पहारेकऱ्यासारखा उभा होता. पहारेकरी गेला, पण ‘त्याला विचारून पुढे जा’ ही रजिस्ट्रीतील नोंद तशीच राहिली. ती नोंद काढल्यावर खण पुन्हा दिसू लागला. पुढे कंपनीने तो काढण्यासाठी एक साधन दिले. पण त्या साधनामुळे संगणकाला नवाच धोका निर्माण होतो, असे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले. अखेर त्या तबकड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

रुसिनोव्हिच तज्ज्ञ होता, म्हणून त्याला राहिलेली नोंद शोधता आली. आपण तज्ज्ञ नसू तर अनोळखी गोष्टीला हात न लावणे हेच शहाणपण.

मराठी कागदपत्रांचे काय?

आता एक प्रश्न थेट आपल्या शाळांचा. कल्पना करा की पिंपळीसारख्या एखाद्या गावातील शाळेत जुना संगणक आहे. त्यावर वीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, स्नेहसंमेलनाचे अहवाल आहेत. मराठी टंकलेखनाचा एक जुना प्रोग्रॅमही आहे. आता तो कोणी वापरत नाही. वरचा क्रम पाळून आपण तो प्रोग्रॅम काढला, त्याचे फॉन्टही वेचून पुसले. दुसऱ्या दिवशी जुना अहवाल उघडला, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी!

असे का होते? युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी मराठीसाठी निरनिराळे फॉन्ट वापरले जात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम, तसेच आकृती आणि कृतिदेव ही नावे तुमच्या शिक्षकांना आठवत असतील. यांतील पुष्कळ फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसवलेले असत. ‘भारत’ हा शब्द कृतिदेवमध्ये लिहिला, तर संगणक प्रत्यक्षात एच, के, के, जे आणि आर ही पाच रोमन अक्षरे साठवतो. फॉन्ट असेपर्यंत आपल्याला ‘भारत’ दिसते. फॉन्ट गेला की ती पाच अक्षरे उघडी पडतात. प्रत्येक संचाची मांडणी निराळी असल्याने एकाचा मजकूर दुसऱ्या फॉन्टने वाचता येत नाही.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक मिळाला. युनिकोडमध्ये लिहिलेला ‘भ’ हा कोणत्याही युनिकोड देवनागरी फॉन्टमध्ये ‘भ’च राहतो. म्हणून जुना मराठी प्रोग्रॅम काढण्यापूर्वी तीन कामे करावीत. जुन्या कागदपत्रांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून ते मूळ मजकुराशी ताडून पाहावे. जी कागदपत्रे जशीच्या तशी जपायची आहेत त्यांची, फॉन्ट आत अंतर्भूत केलेली, पीडीएफ प्रत करावी. आणि फॉन्टच्या फाइलींची एक प्रत वेगळी जपून ठेवावी. एवढे झाल्यावर मग खुशाल प्रोग्रॅम काढावा. येथे तो फॉन्ट म्हणजे बुडखे होते. ते हरळी समजून उपटले असते, तर शाळेची वीस वर्षांची आठवण त्याबरोबर गेली असती.

फोनचे थोडक्यात

अँड्रॉइड फोनवर प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचा बंदिस्त कप्पा दिलेला असतो. अ‍ॅप काढले की साधारणपणे तो कप्पाही जातो. म्हणून तेथे काशा कमी. पण त्या अ‍ॅपने सामाईक जागेत ठेवलेली छायाचित्रे व उतरवलेल्या फाइली राहू शकतात. आणि सर्वांत लांब पसरलेली काशी फोनमध्ये नसतेच! तुमचे खाते कंपनीच्या दूरच्या संगणकावर असते. अ‍ॅप काढल्याने ते मिटत नाही. म्हणून आधी अ‍ॅपमध्ये जाऊन खाते मिटवावे आणि मग अ‍ॅप काढावे.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने एक साधा प्रयोग करा. व्हीएलसीसारखा एखादा मोफत प्रोग्रॅम निवडा. बसवण्यापूर्वी ‘सी’ ड्राइव्हमधील मोकळी जागा वहीत लिहा. प्रोग्रॅम बसवून दोन-तीन फिती पाहा आणि मोकळी जागा पुन्हा लिहा. मग ‘अनइन्स्टॉल’ करून, संगणक पुन्हा सुरू करून, तिसऱ्यांदा लिहा. विंडोज स्वतःही सतत काही लिहीत-पुसत असते, त्यामुळे आकड्यांत थोडा फरक पडेल.

आता ‘अ‍ॅपडेटा’मधील ‘रोमिंग’ फोल्डर उघडा. तेथे त्या प्रोग्रॅमच्या नावाचे काही उरले आहे का? उरले असेल तर तसेच ठेवून प्रोग्रॅम पुन्हा बसवा. अलीकडे पाहिलेल्या फितींची यादी परत आली का? आली असेल तर खोडवा फुटला म्हणायचे! आता प्रोग्रॅम काढून ते फोल्डरही काढा, तिसऱ्यांदा बसवा आणि फरक नोंदवा.

विचार करा :

१. सामाईक फाइलींचा आकडा चुकून एकाने जास्त नोंदला गेला तर काय होईल? एकाने कमी नोंदला गेला तर काय होईल? यांपैकी कोणती चूक अधिक हानिकारक?

२. तुमच्या शाळेतील जुनी मराठी कागदपत्रे कोणत्या फॉन्टमध्ये आहेत? त्या फॉन्टची प्रत कोणापाशी आहे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शाळेतील संगणक बदलण्यापूर्वीच शोधून ठेवा. रान नांगरण्याआधी त्यात काय पेरले होते हे आठवून पाहावे लागते, ते यासाठीच.